तेलविहिरीच्या भिंतीवर सिल आणि डाइक कसे ओळखायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम विदर्भातल्या खेड्यांतून भूविज्ञानाकडे येणाऱ्या मुलामुलींपाशी एक मोठी शिदोरी असते. घरच्या खोदविहिरीत वाकून पाहिले की काळा पाषाण, त्यावरचा मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा दगड, दोहोंमधला लाल पट्टा आणि त्या सांध्यातून सुटलेला झरा, हे सगळे त्यांच्या डोळ्यांखालून लहानपणीच गेलेले असते. तेलविहिरीच्या इमेज लॉगवर, म्हणजे उपकरणाने टिपलेल्या भिंतीच्या चित्रावर, अग्निज (शिलारस थिजून झालेला) खडक ओळखताना हीच नजर लागते. फरक एवढाच की तिथली विहीर आठ-साडेआठ इंच रुंद आणि दोन-तीन हजार मीटर खोल असते, आणि तिच्यात उजेड पोचत नाही.

ही माहिती भूविज्ञानाचे विद्यार्थी, कोळशाच्या शोधासाठी ड्रिलिंग करणाऱ्या कॅम्पवर कोअर, म्हणजे खडकातून कापून काढलेले दंडगोल, पेटीत लावणारी मंडळी आणि बोअरवेलच्या कामातले जाणकार यांच्यासाठी लिहिली आहे.

तेलाच्या साठ्यात अग्निज खडक येतोच कसा?

तेल साठते ते बहुतेक करून गाळाच्या खडकांत: वाळूखडक, चुनखडक. खालून वर येणारा शिलारस या थरांतून वाट काढतो. थर छेदत उभा चढला आणि तिथेच थिजला तर तो डाइक. दोन थरांच्या मध्ये आडवा पसरून थिजला तर ती सिल. बेसाल्टी शिलारसाचे तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असते. त्याला पसरायला शेलसारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा कमकुवत थर सोयीचा जातो. गोची अशी की तेल ज्या थरात तयार होते तोही बहुधा शेलच असतो. त्यामुळे सिल पुष्कळदा नेमकी तेलाच्या जन्मस्थानातच घुसलेली सापडते.

मग तेल जळून जाते का?

सिलला लागून असलेल्या भागात तेलाचे तुकडे पडून गॅस होतो आणि मागे कार्बनची काजळी उरते. झरिया आणि राणीगंजच्या कोळशात शिरलेल्या लॅम्प्रोफायर या अग्निज खडकाने आजूबाजूचा कोळसा भाजून त्याचा ‘झामा’ केला, तोच हा प्रकार. भाजलेल्या पट्ट्याची जाडी साधारण सिलच्या जाडीच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत असते. म्हणजे दहा मीटरच्या सिलभोवती वर आणि खाली पाच ते वीस मीटर खडक बदललेला धरून चालावे.

पण नुकसानच होते असे नाही. ज्या शेलला तेल तयार करण्याइतकी उष्णता कधी मिळाली नव्हती, त्याला ती सिलने दिल्याची उदाहरणे आहेत. ब्राझीलच्या पार्नायबा खोऱ्यात डोलेराइटच्या (बेसाल्टी शिलारस जमिनीखाली थिजून झालेल्या काळ्या खडकाच्या) सिल गॅसवर झाकणासारख्या बसल्या आहेत. अर्जेंटिनाच्या न्यूकेन खोऱ्यात तर तडे गेलेल्या सिलमधूनच तेल काढतात, तिथे सिल स्वतःच साठा आहे. म्हणून सिल सापडली की तिच्यात तडे किती, ते उघडे की भरलेले, आणि वरखालचा खडक कितपत भाजला, हे तीन प्रश्न लगेच पुढे येतात. तिन्हींची बरीचशी उत्तरे इमेज लॉगमध्ये मिळतात.

आमच्या वावरातल्या बोअरला काळा दगड लागला. त्याच्याखाली तेल असेल का?

काळ्या दगडावरून तसा अंदाज बांधता येत नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ आणि वर्धा-नागपूरच्या बऱ्याच भागातला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे दख्खनचे लाव्हाप्रवाह. तेलासाठी सेंद्रिय द्रव्याने भरलेला जाड गाळ, योग्य तापमान, साठवणारा खडक आणि वर झाकण हे सगळे एकत्र जमावे लागते. गुजरातेत खंबातच्या खोऱ्यात ते जमले. तिथल्या पादरा क्षेत्रात तेल झिजलेल्या, तडकलेल्या दख्खन ट्रॅपमध्ये साठलेले आहे, पण ते तयार झाले शेलमध्ये. विदर्भात व्यापारी तेलक्षेत्र नाही. बोअरमध्ये तेलाचा वास आला तर आधी कॉम्प्रेसरच्या तेलाकडे आणि पंपाच्या वंगणाकडे बघावे.

लाव्हाप्रवाह आणि सिल दोन्ही काळे, दोन्ही आडवे. वेगळे कसे ओळखायचे?

सगळ्यात जास्त चुका याच प्रश्नावर होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

आपली खोदविहीर डोळ्यांसमोर आणा. लाव्हाप्रवाह उघड्यावर पसरला. त्याची खालची बाजू जुन्या जमिनीवर टेकली, तिथली माती भाजली. वरची बाजू हवेत होती, तिथे वायूचे बुडबुडे चढून अडकले आणि सच्छिद्र मांजऱ्या तयार झाला. पुढे पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी भरली. पुढचा प्रवाह येईपर्यंत वरचा पृष्ठभाग ऊनपावसात झिजून लाल झाला. आपण विहिरीत पाहतो त्या लाल पट्ट्यांचा मोठा भाग असा जुन्या पृष्ठभागाच्या झिजेचा आहे. म्हणजे प्रवाहाचे वरचे तोंड आणि खालचे तोंड सारखे नसते.

सिल थरांच्या पोटात थिजते. तिला वरूनही खडक, खालूनही खडक. म्हणून दोन्ही बाजूंना तीच कहाणी दिसते: काठाशी झपकन थंड झाल्याने बारीक कणांची थिजलेली कड, मध्ये सावकाश थंड झालेला भरड गाभा, आणि कडेपलीकडे वर आणि खाली भाजलेला गाळखडक. माथ्यावर झिजलेली माती नसते. बुडबुड्यांची जाड पट्टी सहसा नसते. उथळ सिलमध्ये थोडे बुडबुडे दिसू शकतात, म्हणून नुसत्या बुडबुड्यांवरून निकाल देऊ नये.

निकाल वरच्या कॉन्टॅक्टवर, म्हणजे काळा खडक आणि वरचा थर यांच्या सांध्यावर, लागतो. काळ्या खडकाचा फाटा वरच्या शेलमध्ये घुसलेला दिसला, किंवा वरच्या शेलचा तुकडा काळ्या खडकात बुडालेला दिसला, तर तो शिरलेला खडक आहे. लाव्हा वाहत होता तेव्हा वरचा थर तयारच झाला नव्हता, मग त्यात फाटा जाणार कुठून? याउलट वरच्या गाळाच्या बुडाशी काळ्या खडकाचे झिजलेले गोटे सापडले तर तो प्रवाह. अहवालात ‘सिल’ लिहिण्याआधी वरच्या कॉन्टॅक्टची किमान दोन मीटर इमेज पूर्ण मोठी करून पाहावी. खालचाच कॉन्टॅक्ट पाहून घाईने सिल ठरवणे ही नवख्याची ठरलेली चूक आहे, कारण खालची बाजू प्रवाहाचीही भाजलेलीच असते.

विहिरीत साधा कॅमेरा सोडून चालत नाही का?

तेलविहीर मडने, म्हणजे खणताना सोडलेल्या चिखलासारख्या द्रवाने, भरलेली असते. गढूळ, जड, कधी तेलमिश्रित अशा मडमध्ये उजेडाचा उपयोग नाही. म्हणून वीज किंवा ध्वनी वापरतात.

विजेच्या उपकरणाला हात असतात. हातांच्या टोकाचे पॅड भिंतीला दाबून बसतात आणि पॅडवर बटनांएवढे इलेक्ट्रोड रांगेत असतात. प्रत्येक बटनातून खडकात किती वीज शिरली हे उपकरण वर ओढताना सतत नोंदले जाते. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एफएमआय या उपकरणात चार पॅड आणि चार जोडपट्ट्या मिळून १९२ बटने असतात. ते सुमारे ५ मिमी आकाराचा तपशील दाखवते, आणि ८ इंची विहिरीची अंदाजे ८० टक्के भिंत त्याच्या नजरेखाली येते. उरलेली जागा इमेजवर उभ्या कोऱ्या पट्ट्यांसारखी दिसते. त्या पट्ट्यांना कुणी तडे समजू नये.

यासाठी मड पाण्याचे, म्हणजे वीज वाहणारे हवे. तेलाच्या मडमध्ये हे उपकरण आंधळे होते. तिथे तेलाच्या मडसाठी बनवलेले वेगळे विद्युत उपकरण किंवा ध्वनीचे उपकरण लावतात. ध्वनीच्या उपकरणात फिरता स्फटिक चहूबाजूंनी ध्वनिलहरी सोडतो आणि परतीचा जोर व वेळ मोजतो. त्यात भिंत पूर्ण ३६० अंशांत दिसते. मात्र मड फार जड असेल तर आवाज मरतो, आणि उपकरण विहिरीच्या मध्यभागी नसेल तर इमेजवर उभे काळे पट्टे येतात.

दुसऱ्या टोकाचा त्रासही लक्षात ठेवावा. ताजा डोलेराइट वीज जवळजवळ अडवूनच धरतो. मड फार खारट असेल तर वीज खडकात न शिरता मडमधूनच पळते आणि इमेज धुरकट होते. पूर्णेच्या खोऱ्यातले खारपाणपट्ट्याचे पाणी आणि सातपुड्याच्या उतारावरचे गोडे पाणी यांची विद्युतवाहकता शेजारी शेजारी मोजून पाहिली की हा मुद्दा चटकन उमगतो.

इमेजवरचा पिवळा, तपकिरी, काळा हे खडकाचे खरे रंग असतात का?

नाही, ते आकड्यांना दिलेले रंग आहेत. विजेच्या इमेजवर उजळ म्हणजे वीज अडवणारा, काळपट म्हणजे वाहू देणारा. म्हणून काळा कुळकुळीत डोलेराइट इमेजवर पांढरा-पिवळा झळकतो आणि मडने भरलेला उघडा तडा त्यावर काळ्या रेघेसारखा उठतो. कॅल्साइटने भरलेला तडा उजळ दिसतो. पोकळ्या चिकणमातीने भरल्या असतील तर काळे ठिपके, गारेने किंवा कॅल्साइटने भरल्या असतील तर पांढरे.

इमेजच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवतात. एकीत संपूर्ण विहिरीला एकच रंगपट्टी असते; खडक कुठे बदलला ते तिच्यावर दिसते. दुसरीत दर मीटरभराच्या खिडकीत रंग नव्याने ताणलेले असतात, तिच्यावर बारीक तपशील उठतो. सिलची सीमा पहिलीवर धरावी, तडे दुसरीवर मोजावेत. नुसत्या दुसरीवर काम केले तर एकसारख्या शेलमध्येही नक्षी दिसू लागते.

लाटेसारख्या रेघा कशाच्या असतात? झुकाव कसा काढतात?

विहीर गोल, इमेज सपाट उलगडलेली. तिरप्या सपाट थराने विहीर कापली की उलगडल्यावर त्याची लाट होते. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा घरी करून पाहिलेले बरे.

१६० मिमी बाह्य व्यासाच्या पीव्हीसी केसिंगचा दोन फुटी तुकडा घ्या. त्याला वर्तमानपत्राचा कागद घट्ट एक वेढा गुंडाळा आणि वरखाली रबरबँड लावा. पाण्याने भरलेल्या टाक्यात पाइप ४५ अंश तिरपा धरून अर्धवट बुडवा आणि लगेच बाहेर काढा. कागद पाणी शोषून ओल वर चढवतो, म्हणून निघताक्षणी ओल्या कडेवर पेनाने रेघ मारा. कागद सोडवून पसरा: एक डौलदार लाट. तिचा सर्वांत उंच बिंदू आणि सर्वांत खालचा बिंदू यांतले अंतर मोजा. ते जवळपास १६० मिमी, म्हणजे पाइपच्या व्यासाएवढेच भरते. आता कागद उलटा करून मागच्या बाजूने पाहा, कारण इमेज लॉग विहिरीच्या आतून पाहिलेला असतो. डावीकडून उजवीकडे उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि पुन्हा उत्तर.

सूत्र सोपे आहे: लाटेची उंची भागिले विहिरीचा व्यास, म्हणजे झुकावाच्या कोनाचा टॅन. २१६ मिमीच्या, म्हणजे साडेआठ इंची विहिरीत लाट ४३२ मिमी उंच असेल तर भागाकार २ आणि झुकाव सुमारे ६३ अंश. लाटेचा तळ ज्या दिशेला, त्या दिशेला थर उतरतो. विहीर स्वतः तिरपी असेल तर हा कोन विहिरीच्या तुलनेतला असतो. विहिरीचा कल जमेस धरूनच खरा झुकाव काढावा.

सिलचे दोन्ही कॉन्टॅक्ट आणि शेजारच्या शेलचे थर यांच्या लाटा बहुधा एकसारख्या पडतात. डाइकची लाट थरांच्या लाटांना कापून जाते. पण सिलही मध्येच एक थर सोडून वरच्या थरात चढते, आणि अशा जागी विहीर पडली तर सिलचा कॉन्टॅक्टही थर कापताना दिसतो. एका कॉन्टॅक्टवर नाव ठेवू नये.

इमेजवर तेवीस मीटर डोलेराइट दिसला आणि अहवालात दोन मीटरचा डाइक लिहिला. असे कसे?

दोन्ही बरोबर असू शकते. ८५ अंश झुकलेला दोन मीटर रुंद डाइक सरळ विहिरीने कापला तर विहीर त्याच्या आतून सुमारे २३ मीटर जाते. खरी जाडी म्हणजे विहिरीवर मोजलेली लांबी गुणिले झुकावाच्या कोनाचा कोसाइन. ८५ अंशांचा कोसाइन ०.०८७ आहे, त्यामुळे २३ मीटरचे दोन मीटर होतात.

अशा डाइकची लाट साडेआठ इंची विहिरीत जवळजवळ अडीच मीटर उंच असते. संगणकाच्या पडद्यावर एका वेळी एकच मीटर दाखवला तर ती लाट दिसतच नाही, दोन उभ्या समांतर रेघा वाटतात. उभे काही शोधताना दहा-वीस मीटर एकत्र पाहण्याची सवय लावावी. शिवाय सरळ विहिरीच्या वाट्याला उभा डाइक क्वचितच येतो. दोन विहिरींच्या मधून तो निसटतो. तिरप्या आणि आडव्या विहिरींत डाइक जास्त सापडतात ते म्हणूनच. डाइक उघड्यावर पाहायचे तर विदर्भापेक्षा धुळे-नंदुरबारचा दौरा काढावा. तापी-नर्मदेच्या पट्ट्यात ते भिंतींसारखे उभे आहेत.

इमेज हातात आली की कामाचा क्रम कसा ठेवावा?

आधी खोली जुळवायची. इमेजसोबत नोंदलेली गॅमा किरणांची रेघ मुख्य लॉगच्या रेघेवर बसवावी. अर्ध्या मीटरचा फरक राहिला तरी कटिंग्ज (बिटने, म्हणजे खणणाऱ्या पात्याने, तोडून मडसोबत वर आलेले दगडाचे कण) आणि इमेज एकमेकांना खोटे ठरवतात. मग उपकरणाच्या हिसक्यांची दुरुस्ती. केबल ओढली जात असताना उपकरण अडकते आणि सुटते. अडकले तिथे इमेज ताणलेली, सुटले तिथे दाबलेली दिसते, आणि सरळ थरांना करवतीसारखे दाते येतात. प्रवेगमापकाच्या नोंदीवरून हे बरेच सुधारते. मेलेले बटन दिसले की त्याची उभी रेघ काढून टाकावी.

यानंतर इमेजकडे लगेच जाऊ नये. गॅमा, घनता, न्यूट्रॉन आणि ध्वनिवेग यांचे साधे लॉग, म्हणजे खोलीनुसार मोजलेल्या नोंदी, एका ओळीत ठेवून संशयित पट्ट्या आखाव्यात. मग प्रत्येक पट्टीचा वरचा आणि खालचा कॉन्टॅक्ट इमेजवर धरायचा, लाटा बसवायच्या, कड किती बारीक, गाभा किती भरड ते पाहायचे. शेवटी तडे: उघडे, भरलेले आणि ड्रिलिंगने पडलेले असे तीन वेगळे रकाने. ड्रिलिंगचा वेग अचानक कुठे पडला, बिट कुठे झिजले, मड कुठे हरवले, या मीटरवार नोंदी सोबत ठेवाव्यात. सिलच्या काठावर वेग पडतो आणि तडकलेल्या कडेत मड पळते; या दोन खुणा इमेजशी जुळल्या की विश्वास वाढतो.

नुसत्या साध्या लॉगवर अग्निज खडक ओळखता येत नाही का?

संशय घेता येतो, खात्री नाही. डोलेराइटमध्ये पोटॅशियम, युरेनियम, थोरियम कमी, म्हणून गॅमा खाली येतो. शेलचा बराच वर असतो. घनता २.८ ते ३.० ग्रॅम प्रति घनसेमी, ध्वनिवेग सेकंदाला साडेपाच-सहा किलोमीटरच्या आसपास. पण अ‍ॅनहायड्राइटचा गॅमाही कमी आणि घनता २.९८. डोलोमाइटची घनता २.८७. हे दोन्ही अग्निज नव्हेत, गाळाचेच खडक, तरी तिघे एकाच रांगेत बसतात.

इथे न्यूट्रॉन लॉग कामी येतो; तो खडकातला हायड्रोजन, म्हणजे मुख्यतः पाणी, मोजतो. अ‍ॅनहायड्राइटमध्ये पाणी नसते, न्यूट्रॉन शून्याच्याही किंचित खाली जातो. डोलेराइटमधली काही खनिजे बदलून क्लोराइट आणि चिकणखनिजे झालेली असतात, त्यांच्यात पाणी अडकलेले असते, म्हणून न्यूट्रॉन काही टक्के वर राहतो. नवखे लोक याला सच्छिद्रता समजतात आणि तडा नसलेल्या दगडात तेलाचा साठा मोजून मोकळे होतात. फार महागात पडणारी चूक आहे ती. आणखी एक: सगळे अग्निज खडक कमी गॅमाचे नसतात. ग्रॅनाइट किंवा ऱ्हायोलाइटच्या जातीचा शिरलेला खडक पोटॅशियममुळे उंच गॅमा देतो आणि शेल म्हणून खपून जातो. इमेजवर मात्र त्यात शेलचे पापुद्रे नसतात.

कटिंग्ज धुऊन भिंगाखाली पाहणे आणि शक्य तिथे बाजूच्या भिंतीतून कोअर काढणे याला पर्याय नाही. इमेज आकार आणि कोन सांगते. खनिजे ओळखायला दगडच हातात लागतो.

थंड होताना पडलेले तडे आणि ड्रिलिंगने पडलेले तडे कसे वेगळे करायचे?

थंड होताना खडक आकसतो आणि थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात चिरतो. यवतमाळ जिल्ह्यात शिबल्याला २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात बेसाल्टचे जे खांब उघडे पडले ते असेच झालेले. आडव्या सिलमध्ये म्हणून तडे उभे असतात, उभ्या डाइकमध्ये आडवे. इमेजवर सिलमधले तडे उंच, अरुंद लाटांसारखे दिसतात, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून, आणि सिल संपली की बहुतेक तिथेच थांबतात.

ड्रिलिंगने पडलेले तडे विहिरीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना, १८० अंशांवर, जोडीने उभे उतरतात आणि त्यांची पूर्ण लाट होत नाही. सरळ विहिरीत ते जमिनीतल्या सर्वांत मोठ्या आडव्या दाबाच्या दिशेला असतात. त्यांना काटकोनात असलेल्या दोन बाजूंना भिंतीचे टवके उडतात. तिथे पॅड नीट टेकत नाही आणि इमेज काळी, ढगाळ येते. हे काळे ढग म्हणजे पोकळ खडक नव्हे. विहिरीचा व्यास मोजणारी रेघ शेजारी ठेवली की लगेच कळते.

उभ्या तड्यांची आणखी एक अडचण: सरळ विहीर त्यांना फार कमी वेळा कापते. इमेजवर मीटरला दोन दिसले म्हणजे खडकात दोनच आहेत असे होत नाही. कोनानुसार संख्या वाढवून घेण्याची दुरुस्ती लावावी लागते, आणि झुकाव ९० अंशांच्या जवळ गेला की ती दुरुस्तीही भरवशाची राहत नाही.

दिशा चुकीच्या का येतात?

उपकरणाला उत्तर दिशा चुंबकमापकाने कळते. बेसाल्ट आणि डोलेराइटमध्ये मॅग्नेटाइट असते, ते सुई भरकटवते. सिलमध्ये शिरताच सगळ्या लाटा एकदम वीस-तीस अंश फिरल्या तर भूगर्भात काहीतरी घडले असे समजण्याआधी चुंबकमापकाची नोंद पाहावी. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची तीव्रता आणि नती (आडव्याशी असलेला कल) त्या पट्ट्यात उड्या मारत असतील तर दिशा टाकून द्यावी, झुकाव तेवढा ठेवावा. लोखंडी केसिंगच्या बुडाजवळच्या काही मीटरांतही हेच होते. दिशा अत्यावश्यक असेल तर चुंबकावर न चालणाऱ्या जायरोने मोजणी करतात.

पातळ सिल भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात दिसत नाही, मग इमेज किती पातळ दाखवते?

२५ हर्ट्झची लहर सेकंदाला ५,५०० मीटर वेगाने धावत असेल तर तरंगलांबी २२० मीटर. थराचा माथा आणि तळ वेगवेगळे दिसायला साधारण तिचा चौथा भाग, म्हणजे ५५ मीटर जाडी लागते. त्याहून पातळ सिल चमकते खरी, पण जाडी कळत नाही. साधे लॉग अर्ध्या मीटरच्या आसपास अडखळतात. इमेजवर तळहाताएवढा फाटाही धरता येतो.

गावाकडच्या बोअरमध्ये कॅमेरा सोडून याचा सराव करता येईल का?

करता येईल, आणि करावा. बोअरचा कॅमेरा खऱ्या रंगाचा व्हिडिओ देतो. तिथे काळा पाषाण काळाच दिसतो.

सहा इंची बोअरमधून आधी पंप, पाइप आणि केबल पूर्ण बाहेर काढा. त्यानंतर किमान एक दिवस, गाळ जास्त असेल तर दोन-तीन दिवस पाणी निवळू द्या. पावसाळ्यात हे काम धरू नका. कॅमेऱ्याला मध्यभागी धरणाऱ्या पात्या लावा, नाहीतर एक भिंत झगमगते आणि दुसरी अंधारात जाते. मिनिटाला दोन-तीन मीटरहून जास्त वेगाने सोडू नका. केसिंगच्या बुडाशी मुरूम सुटून पडत असेल तर तिथेच थांबा. दगड अडकून कॅमेरा गेला तर बोअरही जाते. खोलीच्या आकड्याची खात्री करायला केबलवर दर दहा मीटरला रंगीत चिकटपट्टी मारून ठेवा.

पाहताना वहीत चार रकाने करा: खोली, रंग, पोकळ्या आणि पाणी. ‘१८ मीटर, मांजऱ्या सुरू, पोकळ्या पांढऱ्या’, ‘२३ मीटर, लाल पट्टा, हातभर, पाणी येते’, ‘२३.५ मीटर, काळा पाषाण, तडा उभा’. लाल पट्टा आला की व्हिडिओ थांबवून त्याच्या वर काय आणि खाली काय ते लिहा. साध्या कॅमेऱ्यात दिशा कळत नाही, त्यामुळे झुकाव कोणत्या दिशेला हे काढण्याचा आग्रह धरू नका. व्हिडिओत लाटेचा उंच आणि खालचा बिंदू कोणत्या खोलीला आला एवढे टिपले तरी १५० मिमीच्या बोअरमध्ये कोन काढता येतो: २६० मिमी फरक म्हणजे ६० अंश.

पुढे शिकायचे तर विदर्भात सोय आहे का?

नागपूर आणि अमरावती या दोन्ही विद्यापीठांत भूविज्ञान शिकवले जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे मुख्यालय, केंद्रीय भूजल मंडळाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय आणि खनिज शोधाचे ड्रिलिंग करणाऱ्या एमईसीएलचे मुख्यालय नागपुरात आहे. वणी, चंद्रपूर, उमरेडच्या कोळसापट्ट्यात कोअर ड्रिलिंग चालते. तिथे कोअर हाताळायला मिळाली तर कितीही धूळ खावी लागली तरी जावे. कोअर पेटीत लावताना वरचे टोक कोणते हे बाणाने लगेच लिहायचे असते. ती सवय लागलेल्या माणसाला पुढे इमेजवर वरचा कॉन्टॅक्ट शोधायला कुणी शिकवावे लागत नाही.

अहवालात खात्री किती आहे हे कसे लिहावे?

प्रत्येक पट्टीपुढे पुरावा लिहावा, नुसते नाव नको. ‘सिल, खात्रीशीर: दोन्ही कॉन्टॅक्ट भाजलेले, वर फाटा, कटिंग्जमध्ये डोलेराइट’. ‘सिल, संभाव्य: वरचा कॉन्टॅक्ट टवके उडालेल्या भागात, इमेज वाचता येत नाही’. ‘अग्निज, प्रकार अनिश्चित’ हेही पूर्ण उत्तर आहे. पुढची विहीर कुठे खणायची हे याच ओळींवर ठरते, आणि वाचता न आलेला कॉन्टॅक्ट कुठे होता हे ठाऊक असेल तर पुढच्या विहिरीत नेमकी ती खोली कोअरसाठी राखून ठेवता येते.